बुचाच्या ओकांची वाटणी

इदालिनाने हातमोजा काढून ओकाच्या सोललेल्या खोडावर तळवा टेकवला. बुंध्यापासून तिच्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत बूच, म्हणजे बाटल्यांची बुचे करतात ती साल, उतरवलेले होते. त्याच्या वर जाड, करडी साल जशीच्या तशी.

"अजून हातभर सहज निघालं असतं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या झाडावर कोण एवढं सोडेल? मालक ओरडेल ना."

तिच्या वकील ग्रासाबाईंनी मान हलवली. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा त्या हसल्या होत्या. मग मात्र चौकशीला लागल्या होत्या.

इदालिनाच्या आधीच्या नवऱ्याने, बेल्मिरोने, आयुष्यभर पोर्तुगालमधल्या आलेंतेजू भागातल्या जमीनदारांच्या ओकांचे बूच कुऱ्हाडीने काढले. रोज जेवताना एकच तक्रार. फार वर सोलायला लावतात, झाड दमतं. माझं असतं तर खांद्याशी थांबलो असतो. घटस्फोटात इदालिनाने घर घेतले, त्याने बँकेतली शिल्लक घेतली, आणि आपल्याकडे दुसरे काही नाही असे त्याने न्यायालयात लिहून दिले. मागच्या शरदात ती अळंबी शोधत त्याच्या चुलतभावाच्या या राईत शिरली आणि एकेक खोड पाहत उभीच राहिली; सगळी खांद्यापर्यंतच सोललेली. राई चुलतभावाच्या नावावर होती. पण पैसे लग्न टिकून असतानाच बेल्मिरोने भरले होते, हे चौकशीत निघाले. वाटणी पुन्हा उघडली गेली.

आज तडजोडीची शेवटची संधी होती. विकायचे, असे ठरवूनच इदालिना आली होती. शेजारचा ठेकेदार चांगली किंमत देत होता, आणि तो फांद्यांपर्यंत सोलतो हे तिला ठाऊक होते. बेल्मिरोलाही.

बेल्मिरो झाडांमधून आला. टोपी हातात.

"तुझं औषधाचं दुकान आज बंद का?" त्याने इदालिनाला विचारले.

"तुझ्या कृपेने. खोटं बोललास ते बोललास, वर चुलतभावालाही गुंतवलंस."

"गुंतवलं." तो ग्रासाबाईंकडे वळला. "बाई, सगळी राई हिच्या नावावर करा. अर्धी नको, सगळी. फक्त त्या ठेकेदाराला विकू नको म्हणावं हिला."

ग्रासाबाईंनी चटकन पेन काढले. इदालिनाने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मला भीक नको," ती बेल्मिरोला म्हणाली. "माझी अर्धी दे. मोजून."

बेल्मिरो टोपी डोक्यावर घालून झाडांमधून चालू लागला.

"मधोमध रेघ मारू या का?" ग्रासाबाईंनी विचारले.

"रेघेला काय कळतंय?" तो मागे न पाहता म्हणाला. "ओढ्याकडची माती खोल आहे. तिकडची झाडं हिची. हे बघ, हे घे. सालीच्या चिरा बारीक, बाटलीला लागतं तसलं बूच. ते नको घेऊस, आतून मुंग्यांनी पोखरलंय. ते माझ्याकडे."

"आणि हे?" इदालिनाने विचारले.

"दिसायला राणी आहे. पण मूळ कुजतंय. माझ्याकडे."

ग्रासाबाई तिच्या कानाशी लागल्या.

"इदालिनाबाई, याच्यावर भरवसा ठेवायचा? स्वतःकडे चांगली झाडं ओढून घेत असेल तर?"

इदालिनाने त्या कुजक्या झाडाच्या बुंध्याशी वाकून माती बाजूला केली. मूळ काळे पडले होते, बोटाखाली दबत होते. मागच्या मुंग्यांच्या झाडाशीही ती थांबली, साल नखाने उचकटून पाहिली. भुसा बोटांवर सांडला.

"झाडाबद्दल तो खोटं बोलत नाही," ती हात झटकत म्हणाली.

"मग दावा मागे घेऊ?"

"छे! दावा चालू ठेवा. एकेक झाड लिहून घ्या, न्यायाधीशांपुढे त्याची सही घ्या."

"इदालिना!" बेल्मिरो ओढ्याकडून हाका मारत होता. "इकडे ये, हे तर बघ!"

तिने बूट चिखलातून उपसले आणि झपाझप निघाली.