गावात टीबी न्हाय

दैवशालाला आपल्या हुशारीचा फार तोरा होता, आणि तोच तिला नडला. लोहाऱ्याजवळच्या तीन गावांत ती टीबीच्या रुग्णांना गोळ्या पोचवायची, पण टीबीची बाई म्हणून कुणाच्या दारात कधी उभी राहिली नाही. कळलं की सोयरीक मोडलीच म्हणून समजा! नागम्माच्या घरी ती ब्लाऊज शिवायला टाकण्याच्या निमित्तानं जायची. कापडात गोळ्या गुंडाळलेल्या असत. नागम्माची लेक शिवानी शिवणयंत्र थांबवून त्या तिच्यादेखत गिळायची. चार महिन्यांत पोरीचं अंग भरलं, निलंग्याच्या पाहुण्यांनी होकारही कळवला. अजून दोन महिन्यांच्या गोळ्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात, ज्या परदेशी सरकारच्या मदतीवर हे काम चालायचं त्यानं हात आखडता घेतला. मदतीचा उपयोग होतो की नाही, ते म्हणे लोकांच्याच तोंडून ऐकायचं आणि मग पुढच्या पैशाचं ठरवायचं. ते विचारायला दिल्लीहून एक बाई आल्या. ग्रामपंचायतीपुढं गाव जमलं.

"टीबीच्या कामाचा तुम्हाला काय फायदा झाला?"

"कसलं काम?" म्हातारे बंडप्पा म्हणाले. त्यांना दैवशालानं गेल्याच वर्षी मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. "आमच्या गावात टीबी न्हायच की."

माना डोलल्या. नागम्मा तोंडाला पदर लावून खाली बघत राहिली. दैवशालाला संताप आला, रडूही आलं. बऱ्या झालेल्यांकडं नुसतं बोट दाखवायचं होतं. पण शिवानीच्या होणाऱ्या सासूची बहीण दुसऱ्याच रांगेत बसली होती. दैवशालानं बोट उचललं नाही. बाई लिहून घेऊन गेल्या.

पंधरा दिवसांत काम बंद झाल्याचं पत्र आलं. ती नागम्माच्या दारात गेली.

"मावशी, आता गोळ्या माझ्या हाती देणार न्हाईत. तुम्हालाच शिवानीला घेऊन लोहाऱ्याच्या दवाखान्यात जावं लागंल."

"तिथं?" नागम्मा दचकली. "तिथं व्याह्यांचा पुतण्या कामाला हाय, पोरी. ऱ्हाऊ दे. आता बरी झालीया की ती."

"बरी न्हाय झाली, मावशी! मधीच सोडलं तर दुखणं उलटंल, मग ह्या गोळ्या बी—"

शेजारच्या ओट्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या, तसा दैवशालाचा आवाज सवयीनं खाली आला.