सातच्या पटी

लातूरच्या क्लासवाल्यांत भागवत सरांचं नाव मोठं. गणित कुठलंही असो, सर त्याला अशा आडवाटेनं गाठत की पोरांनी पेन उघडेपर्यंत उत्तर फळ्यावर. चौकाचौकांत त्यांचे फ्लेक्स. असा माणूस रविवारी भरदुपारी घरात जळफळत बसला होता, आणि तोही कुणावर? स्वतःच्या बायकोवर!

शिवकन्या माहेरची बिलोलीची. दोघं नांदेडला एमएस्सीला एकाच वर्गात होते. तेव्हा तिचे मार्क जास्त असत, ही गोष्ट भागवतनं लग्नानंतर मोठ्या कष्टानं विसरून टाकली होती. ती कॉलेजात शिकवायची आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळायची. सातच्या पटी घ्यायच्या: सात, चौदा, एकवीस. त्यांतल्या एक अंकी किती, दोन अंकी किती, तीन अंकी किती, असं मोजत जायचं आणि येतील ते आकडे ओळीनं मांडायचे: १, १३, १२८, १२८६... "हे कुठल्या परीक्षेला येतं गं?" असं म्हणून भागवत हसायचा.

जगभरातल्या अशा अंकमालिका नोंदवून ठेवणाऱ्या एका वेबसाइटनं तिची ही मालिका घेतली, तेव्हा त्याचं हसू आटलं. खाली नाव होतं, शिवकन्या, बिलोली. लातूरसुद्धा नाही! लगेच सासऱ्यांचा, किशनरावांचा फोन. "जावईबापू, पोरीचं नाव लई दूर गेलं म्हनं. तुमचं न्हाई का तिथं?"

म्हाताऱ्यानं सहज विचारलं, पण भागवतच्या ते जिव्हारी लागलं. आपले फ्लेक्स वाऱ्यानं फाटतात आणि हिचं नाव मात्र कायमचं राहणार, या विचारानं त्याला जेवण गोड लागेना.

त्यानं ती मालिका उघडली ती चूक शोधायलाच. आणि सापडली की! एक अंकी संख्या नऊ, दोन अंकी नव्वद, तीन अंकी नऊशे, म्हणजे मुळात नऊ भागिले सात, १.२८५७. दशांशचिन्ह सरकवत जायचं, मागचं छाटायचं, झाली मालिका: १, १२, १२८, १२८५. हिनं बाराच्या जागी तेरा लिहिलेत, पुढं १२८६! भागवतला इतका आनंद झाला की तो उठून गटागटा पाणी प्यायला. शिवकन्या आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. दोन पावलं जाऊन सांगता आलं असतं. पण मग तिनं गुपचूप दुरुस्ती केली असती आणि नाव तिचंच राहिलं असतं. त्याला तर ते नावच जायला हवं होतं. त्यानं वेबसाइटवर स्वतःच्या नावानं खातं उघडलं आणि लिहून टाकलं: दुसरी आणि चौथी संख्या चुकली आहे, मालिका काढून टाकावी.

सकाळी शिवकन्येनं चहाच्या कपाशेजारी मोबाईल ठेवला. वेबसाइटवाल्यांनी तिलाच खुलासा विचारला होता.

"अहो, हे तुम्हीच ना?"

"चूक ती चूक. बायकोची असली म्हणून काय झालं?"

"हाव, खरंय. मग मोजा. चौदापासून अठ्ठ्याण्णवपर्यंत. शॉर्टकट न्हाई, बोटांवर."

भागवत मोजू लागला. चौदा, एकवीस, अठ्ठावीस... सत्तरपर्यंत नऊ झाले. सत्याहत्तर, चौऱ्याऐंशी, एक्याण्णव, अठ्ठ्याण्णव. तेरा. पुन्हा मोजलं, तरी तेराच. त्यानं छाटून टाकलेल्या शेपटात एक अख्खी पट गेली होती.

"मी आतच होते की," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण डोळे भरले होते. "तुम्ही मला विचारायचं होतं."

"आत्ता काढून टाकतो मी ते."

"निघत न्हाई. कोण काय म्हणालं, ते तिथं सगळं तसंच राहतं."

ती डबा भरायला आत गेली आणि भागवतचा फोन वाजला. किशनराव होते, आवाजात नुसता हर्ष.

"जावईबापू! मघाशीच पोरीशी बोललो. तुमचंबी नाव लागलं म्हनं तिथं, तिच्या नावाखाली! जोडा शोभतोय बघा. पेढे कवा देऊन राहिलेत?"

‘देऊ, देऊ’ म्हणत भागवतनं फोन ठेवला. तिनं बापाला तेवढंच सांगितलं होतं, तक्रारीचं एक अक्षर नाही. आत डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला, आणि त्याला आता तिच्या या मोठेपणाचाही हेवा वाटला.