बाबांनी पुढे पाहिलेला भाग

अड्याळला बाबा आणि नागपूरला अपेक्षा, दोघं एकच कोरियन मालिका पाहत. अट अशी की एकमेकांना सोडून पुढे जायचं नाही. प्रत्येक भागानंतर बाबांचा फोन येई. "हा हिरो नुसती कॉफी पेऊन रायला, जेवते कवा? पण तिकडं बी धानच रोवतेत वो! एकदा जाऊन पाहू."

बाबा गेले तेव्हा शेवटचा भाग राहिला होता. तेरवी झाली, दिवाळी आली, तरी अपेक्षाला तो लावता येईना. बाबांना मागे टाकून गेल्यासारखं वाटे. घरी आल्यावर तिनं हे आईला सांगितलं.

तांदूळ निवडता निवडता सीताबाई हसल्या. "त्यायनं त कवाच पाहून टाकला. मले बी दाखवला. दम निघते का त्या माणसाले?"

"मले त म्हणत होते, शेवटी हिरोईन मरते, पाहाजो!"

"तुले फसवत होते. म्हणे, पोरगी शेवट पाहीन तवा तिचं तोंड पाहू."

"लबाड कुठले!" अपेक्षा रडता रडता हसत सुटली आणि तिनं मोबाइल उशीला टेकवून भाग लावला. सीताबाई सूप बाजूला सारून जवळ आल्या आणि मोबाइलकडे पाठ करून, लेकीकडे तोंड करून बसल्या.