तिसरा रकाना

अनिताबाईंच्या पाचवीच्या वर्गात बातमी नुसती वाचून भागत नसे. निमगाव केतकीच्या त्या शाळेत परिपाठाला रोज एक पोर टॅबवर शोधलेली बातमी सांगायचं आणि वहीत तीन रकाने भरायचं. बातमी काय, कोणत्या दोन ठिकाणी सापडली, आणि खरी असल्याची माहितगार माणसाची सही. "मोबाइलवर दिसलं म्हणजे खरं नसतं, पोरांनो," असं बाई घसा बसेपर्यंत सांगत.

आणि याच बाई दीड महिना एक खोटं सांभाळून होत्या. वर्गातल्या प्रगतीच्या बापाचा, संभाजीचा, मासळीचा टेम्पो भिगवणजवळ उलटला आणि तो जागीच गेला. आई नसलेली ही पोर तेव्हा इंदापूरला आत्याकडे होती. ती परतेपर्यंत सगळं उरकलं होतं. आजी बनाबाईनं शाळेत येऊन बाईंपुढं पदर पसरला. "बाप गुजरातला गाडीवर गेलाय म्हनून सांगितलंय. परीक्षा हुस्तवर कुणी काय बोलू नका." गावानं तोंडाला कुलूप लावलं, बाईंनीही लावलं. प्रगतीनं एकदा विचारलं, "बाई, गुजरात लई लांब हाय का?" तर बाईंनी नकाशावर बोट ठेवून दाखवलंसुद्धा! म्हणे शिकलेली बाई.

मग एका सोमवारी त्यांनी वर्गाला विषय दिला, 'आपल्या भागातल्या बातम्या'. तो देताना आपल्याला संभाजी कसा आठवला नाही, याचं उत्तर त्यांना पुढं कधीच सापडलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, पोरं पळाली. प्रगती तेवढी टेबलापाशी आली. डोळे कोरडे होते. तिनं वही उघडली. पहिल्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'भिगवणजवळ टेम्पो उलटून चालक ठार.' खाली बापाचं पूर्ण नाव. दुसऱ्यात दोन ठिकाणं, तारखांसकट.

"आजी म्हनती, बाबा गुजरातला हायत," ती म्हणाली. "पर आजीला वाचता येत न्हाय. तुमी माहितगार हाय, बाई. खरं असंल तर सही करा. खोटं असंल तर फुली मारा."

बाईंच्या हातात तपासायचा लाल पेन होता. फुली मारायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी तिसऱ्या रकान्यात सही केली.

प्रगतीनं ती सही अक्षर अक्षर लावून वाचली. वही मिटून दप्तरात घातली. दारापर्यंत गेली आणि मागं वळली.

"बाई, आजीला तुमी सांगू नका. तिला अजून ठावं न्हाय. मी सांगते हळूहळू, न्हायतर ती लई रडंल."