मराठीसाठी दोन दाबा

“साखर पुरे ना, की आणखी घालू?” अनुसूयाक्काने विचारलं, आणि प्राणेशच्या हातातली कॉफी बशीत सांडली.

मुलगी पाहायला आलेला मुलगा थोडा बावचळतोच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. समोर बसलेल्या कस्तुरीने तर मान खाली घालून हसू दाबलं. पण प्राणेश कस्तुरीकडे नाही, तिच्या आत्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हा आवाज याने ऐकलाय, हे तिला कळलं. कुठे ऐकलाय तेही कळलं.

विधवा होऊन ती बसवनगुडीतल्या या मराठी बोलणाऱ्या माहेरघरी परतली तेव्हा पोरसवदाच होती. धाकटा भाऊ नरसिंह, त्याची बायको आणि पुढे कस्तुरी, एवढाच तिचा संसार. एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर ती केस पिकेपर्यंत बसली. चिडून फोन करणारा माणूसही तिच्या नुसत्या ‘नमस्कार’ने निवायचा.

सत्त्याण्णव साली एका संस्थेने नवाच उद्योग आरंभला. फोनला एक कंप्यूटर जोडला. कुणीही फोन करावा, कन्नडसाठी एक दाबावं, मराठीसाठी दोन, आणि जे आईबापांना विचारता येत नाही ते निवांत ऐकावं. गुप्तरोग, एड्स, निरोध कसा वापरायचा, तपासणी कुठे होते. शहराबाहेर होसकोट्याच्या कारखान्यांत बेळगाव-सोलापूरकडची पोरं पुष्कळ, म्हणून मराठी. संस्थेतल्या बाई कारखान्यात भाषण द्यायला आल्या आणि बोर्डावरच्या अनुसूयाक्काला ऐकून तिथेच थबकल्या. असाच आवाज हवा, म्हणाल्या.

रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी अनुसूयाक्का नुसतं पाणी पीत राहिली. ‘निरोध’ म्हणताना तिने डोळे मिटले. पुढचे शब्द तर आयुष्यात कधी ओठांवर आले नव्हते, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. यंत्र सांभाळणाऱ्याला बाहेर उभं करून तिने ते कसेबसे उच्चारले. मग तिला एक युक्ती सुचली. समोर घरचंच पोर बसलंय, घाबरलंय, आणि आपण त्याला समजावतोय, असं मनात धरायचं. मग आवाज मऊ झाला आणि शब्दही निघाले. शेवटी तिने एक वाक्य आपल्या मनचं घातलं. “बाळा, तू कोण हे मी विचारणार नाही, आणि कळलं तरी कुणाला सांगणार नाही.”

घरी मात्र कारखान्याचंच काहीतरी रेकॉर्डिंग आहे, असं सांगितलं होतं. नरसिंहापुढे असल्या गोष्टीचं नाव जरी काढलं असतं, तर त्याने देवघर धुवून काढलं असतं.

आता ‘कुणाला सांगणार नाही’ हे वाक्य तिच्याच गळ्याशी आलं होतं. पाहुणे गेले, मुलगा सगळ्यांना पसंत पडला, कस्तुरी गुणगुणत तुळशीला पाणी घालू लागली. फोन काय, लोक नुसत्या कुतूहलानेही करतात. पण तो चेहरा कुतूहलाचा नव्हता. नरसिंहाला सांगावं तर दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर अंगाखांद्यावर वाढवलेल्या पोरीच्या जिवाशी खेळ.

सोमवारी कारखाना सुटला तेव्हा प्राणेश फाटकाशी उभा होता. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. पुण्यात नोकरीला असताना मित्रांच्या नादाने तो नको तिथे जात होता. आता धास्तीने खंगत चालला होता. इथल्या ऑफिसातल्या बटणांच्या फोनवरून कितीदा तरी तिला ऐकलं होतं, पण तपासणीला जायचा धीर होत नव्हता. त्यात आईने स्थळ काढलं, आणि तो तिला नाही म्हणू शकला नाही.

“तुम्ही ‘बाळा’ म्हणता ना, अक्का. म्हणून आलो,” तो म्हणाला.

“सरी, ठीक आहे. उद्या जाऊ तपासायला. मी येते बरोबर.”

हा आलाच नसता तर आपण काय केलं असतं, याचं उत्तर तिला शेवटपर्यंत सापडलं नाही.

तपासणी झाली, मग खात्रीसाठी पुन्हा झाली. एच.आय.व्ही. होता. त्या काळात औषध सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. दोघं गांधी बाजारातल्या एका हॉटेलात येऊन बसली. अनुसूयाक्काने बाय-टू मागवली, एका कॉफीचे दोन पेले आले. प्राणेशने एक घोट घेतला आणि पेला लांब सरकवला, जणू तो पेलाही बाटला होता. अनुसूयाक्का उष्ट्याखरकट्याचा कडक विटाळ पाळणाऱ्या घरातली. तिने त्याचा उष्टा पेला उचलला आणि उरलेली कॉफी सावकाश पिऊन टाकली.

मग तो रडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लोक बघत होते तरी काढला नाही.

नकार तर कळवायलाच हवा होता. पण पत्रिका जुळलेली, मुलगी देखणी, आईला कारण काय सांगायचं?

“माझं कारण सांग,” अनुसूयाक्का म्हणाली. “मुलीची आत्या असल्या घाणेरड्या फोनवर बोलते, मित्राने ऐकलं, म्हण. तुझी आई पुन्हा आमच्या घराचं नाव काढायची नाही.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय व्हायचंय आता? तू तुझ्या तब्येतीचं बघ. आईला आज ना उद्या सांगावं लागेल, तेव्हा मला बोलव.”

नकार आला आणि कारणासकट आला. नरसिंह मोठ्याने बोलला नाही. त्याने एवढंच विचारलं की हे खरं का, आणि पुन्हा त्या संस्थेत पाऊल टाकणार नाही असं अक्काने देवापुढे म्हणावं. तिने मान हलवली, नाही म्हणून. शनिवारी फोनवर नवीन रेकॉर्डिंग भरायचं होतं, ज्यांच्या तपासणीत एच.आय.व्ही. निघालाय त्यांच्यासाठी. नरसिंहाने तिच्याशी बोलणं टाकलं.

ते तिने सोसलं. पण रविवारी दुपारी कस्तुरी दोघींच्या खोलीत येऊन तिच्यासमोर बसली. पोरीचा जीव प्राणेशवर जडला होता, डोळे सुजले होते.

“आत्या, खरं सांग. दुसरं काही कारण असेल तर सांग. मी रागावणार नाही.”

सांगितलं असतं तर पोर तिच्या गळ्यात पडून रडली असती. अनुसूयाक्काला तेवढंच हवं होतं.

“दुसरं काही नाही, माझ्यामुळेच मोडलं,” ती म्हणाली.

कस्तुरीने आपली उशी उचलली आणि ती आईच्या खोलीत गेली. लहानपणापासून ती आत्याशेजारी झोपत आली होती. अनुसूयाक्काने रिकाम्या जागेवरची चादर ओढून सारखी केली, आणि पोर सुखरूप आहे एवढंच मनाशी धरून ती तिथेच बसून राहिली.