अंधारातली सामायिक

रिखबचंद शेठ वारल्यावर शोकसभेचं उठावणं झालं आणि त्यांच्या नारायणगावातल्या घरी बसायला येणाऱ्यांची रीघ ओसरली. घरात त्यांची बायको सज्जनबाई आणि मुलगी जागृती, दोघीच उरल्या. पुढच्या बाजूचं सुतळी-ताडपत्रीचं दुकान बंदच होतं. मागच्या खोलीत शेठांचं आसन घडी करून ठेवलेलं होतं. त्याला अजून कुणी हात लावला नव्हता.

जागृती तारापूरच्या अणुवीज केंद्रात कंट्रोल रूमला होती. मोबाइल बाहेर ठेवायचा आणि पुढच्या पाळीच्या माणसानं पॅनल ताब्यात घेईपर्यंत जागा सोडायची नाही, अशी तिथली शिस्त. वडील गेले तेव्हा ती आतच होती. त्याचं दुःख होतंच, पण ते तिला समजत होतं. जे समजत नव्हतं, तेच जास्त टोचत होतं.

दोन वर्षांमागे सुट्टीत आली असताना शेठांनी तिला विचारलं होतं, "तुमच्याकडे कोळसा जाळत नाहीत, मग पाणी उकळतं कशानं?" तिनं हौसेनं सांगितलं होतं. युरेनियमचा अणू फुटतो, त्यातून उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. शेठांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फुटताना आवाज येतो का गं?" ती हसली होती.

त्यानंतर लगेच त्यांनी नियम घेतला. रोज संध्याकाळी मागच्या खोलीत सामायिकेला, म्हणजे दोन घटकांच्या ध्यानाला बसायचं, आणि त्या खोलीत विजेचा दिवा लावायचा नाही. जैन स्थानकात, साध्वींच्या प्रवचनांत, ती लहानपणापासून ऐकत आली होती, की अग्नीत जीव असतात आणि विजेतही असतात. नियमाचं कारण विचारलं तर शेठ नुसती मान हलवत. चुलतभाऊ पारस दिवाळीत थट्टेनं म्हणाला, "काकांना तुझी वीज चालत नाही, जागू." सगळे हसले. ती एकटी हसली नाही.

आणि आता विचारायला माणूसच उरला नव्हता. वडिलांनी मनातून नाकारलेली नोकरी पुढे करायची कशी? राजीनामा द्यावा, असं ती आईशी बोललीही होती. सज्जनबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "मलाही त्यांनी काही सांगितलं नाही गं. अंधारात मन लागतं, म्हणायचे."

त्या दिवशी ऊन उतरताना राजुरीचा यमाजी आला. जुनं गिऱ्हाईक. टोमॅटोच्या बांधणीची सुतळी वर्षानुवर्षं इथूनच न्यायचा, आणि परतीची जीप प्रवाशांनी भरेपर्यंत शेठांशी गप्पा मारत बसायचा. आल्या आल्या उंबऱ्याशी टेकला, डोळे पुसले आणि जागृतीकडे बघून म्हणाला,

"ताई, तुमच्यावर माझा राग हाय."

"माझ्यावर? का यमाजीकाका?"

"मोटारीला रातचीच लाइट देता. बिबट्याच्या भ्यानं हातात काठी घिऊन पानी भरावं लागतंय. शेठला कितींदा म्हनलं, पोरीला सांगा, दिवसा सोड म्हनावं."

"अहो, आमचं केंद्र रात्रंदिवस सारखंच चालतं. कुणाला कधी द्यायची ते आमच्या हातात नसतं."

"शेठ बी हेच सांगायचे. तुमची बाजू घिऊन भांडायचे राव! येनाऱ्या-जानाऱ्याला सांगायचे, माझी पोरगी वीज करती."

जागृतीनं मान वर केली. "मग ते अंधारात का बसायचे?"

यमाजीनं सज्जनबाईंकडे पाहिलं. "भाभी, सांगू का? शेठनी तोंड बंद ठिवाय लावलं व्हतं. पर आता कुनाला भ्यायचं?"

"सांगा यमाजीभाऊ."

"म्या बी हेच इचारलं व्हतं, शेठ, लाइट असून अंधारात का? तर म्हनले, पोरगी लाखो घरांचा उजेड करती. आमच्या धर्मापरमानं तेवढे जीव जात्यात. त्येचं पाप तिच्या माथ्यावर नगं. म्हनून मी रोज थोडा बिनउजेडाचा बसतो, ते तिच्या नावानं."

जागृती त्याच्यासमोर येऊन बसली.

"म्या म्हनलं, मग सोडाय सांगा नोकरी! तर माझ्यावरच डाफरले. म्हनले, यमाजी, तुझी मोटार काय मंत्रावर चालती? कुनीतरी करायलाच पायजे. आन् जे करायचं ते हुशार मानसानं करावं."

"पण कर्म दुसऱ्याचं फेडता येत नाही," जागृती हळूच म्हणाली. "आम्हाला हे पप्पांनीच शिकवलं."

"तुमच्या त्या साध्वी, महासतीजी बी त्येंना हेच म्हनल्या. शेठ म्हनले, शास्त्र बरोबर हाय, मला तोंडपाठ हाय. पर मी बाप हाय, चूक करू द्या."

सज्जनबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या, आणि हसता हसताच रडल्या. जागृतीलाही हसू फुटलं. सगळ्या पाठशाळेला शास्त्र शिकवणारा हा माणूस जाणूनबुजून चुकत राहिला होता, तेही रोज, आसन टाकून.

"मला का नाही सांगितलं?"

"म्हनायचे, तिचं ध्यान तिथल्या काट्यांच्या पाटीवर पायजे. बाप अंधारात बसलाय ह्ये मनात आलं तर तिकडं काटा हुकायचा."

जागृती उठून मागच्या खोलीत गेली.  बाहेर जीपवाला "आळेफाटा, आळेफाटा" ओरडत होता. खोलीत जवळजवळ काळोख झाला होता. आसन उचलून तिनं ते मागोमाग आलेल्या आईच्या हाती दिलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. दोन वर्षं न लावलेला बल्ब लागेल, असं तिला वाटलं नव्हतं. धुळीतून पिवळट उजेड पडला.

"लागला की!" दारातून यमाजी म्हणाला. "आता आमच्याकडं बी दिवसा येऊ द्या."

"वर सांगून बघते, काका," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "मम्मी, मला सोमवारी ड्यूटीवर हजर व्हायचंय."

सज्जनबाईंनी आसन छातीशी धरलं होतं. "मग उद्या दशम्या करते," त्या म्हणाल्या. "वाटेत खाशील."