चार बोटं उंच ओटा

विमलाबाईंची उंची मुळातच बेताची, आणि कल्याणजवळच्या मोहने गावातल्या त्या भाड्याच्या खोलीतला ओटा बांधणारा गवंडी बहुधा ताडमाड असावा. लग्न होऊन आल्या तेव्हापासून बाई पाटावर उभं राहून स्वयंपाक करत होत्या. भाजी परतायला चढायचं, डबा काढायला उतरायचं. एकदा पाट सरकला आणि उकळती आमटी हातावर आली. त्याचा डाग कोपरापर्यंत अजून होता. त्या रविवारीही त्या पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या आणि महिपतराव आरशापुढे मिशी कातरत होते.

"आटप गं विमल. शहाडला जायचंय. सॅम्पल फ्लॅट बघायला बोलावलंय."

"मला काय कळतं त्यातलं? तुम्ही आणि ऋतुराज जा."

"तिथं स्वयंपाक ऋतुराज करणार आहे का? ओटा तुझ्या मापाचा हवा. तू उभी राहून बघायचंस."

नोकरीचा कारखाना बंद पडल्यावर महिपतरावांनी पडेल ती नोकरी केली, पण एक हट्ट सोडला नाही. मरायच्या आधी स्वतःच्या घरात राहायचं. मुलगा ऋतुराज कमवायला लागला, सून रसिकाही नोकरी करणारी आली, तेव्हा कुठे बापलेकांनी कर्ज काढून शहाडला नदीच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या इमारतीत दोन खोल्या नक्की केल्या.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे नुसता थाट. पडदे, झुंबर, फळांच्या परडीत प्लास्टिकची सफरचंदं. महिपतरावांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायकोला थेट स्वयंपाकघरात नेलं. विमलाबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांचे दोन्ही हात अलगद, खांदे न उचलता, ओट्यावर टेकले. बाई आधी लाजल्या, मग हसल्या.

"असाच पाहिजे," महिपतराव म्हणाले.

बिल्डर सर्वेशशेठ मागेच उभा होता. दहा बोटांत आठ अंगठ्या. "देऊ की काका! बाकी फ्लॅटमध्ये ओटा चार बोटं उंच येतो, तुमचा खास मावशींसाठी खाली घेऊ. फक्त ते एक्स्ट्रा वर्क झालं. त्याचं वेगळं पडेल."

महिपतरावांनी आठवडाभरात रोख आणून दिले. पावती मागितली तर शेठ छातीवर हात ठेवून म्हणाला, "काका, घरच्या माणसात पावती कसली?" आणि हा साधा माणूस विरघळला. गोड बोलणाऱ्याला आपण घरचा समजतो आणि पावती मागायची आपल्यालाच लाज वाटते. काय म्हणावं या लाजेला!

इमारत पूर्ण झाली. शेठच्या ऑफिसातली अक्षदा, नऊवारी नेसलेली हसरी मुलगी, पेढ्याचा बॉक्स पुढे करत म्हणाली, "अभिनंदन काका! वास्तुशांतीचा मुहूर्त कधीचा काढलात?"

"अक्षय्य तृतीया!" महिपतराव उत्साहाने म्हणाले. "लांज्याहून सगळा गोतावळा येणार. बहिणी, भाचे, व्याही सगळे."

अक्षदाने ते नीट ऐकून घेतलं आणि आत शेठला सांगितलं. झालं. आपली माणसं फसतात ती इथेच. घर विकत घ्यायचं आपण, हप्ते भरायचे आपण, आणि मुहूर्त सांगायचा कुणाला, तर चावी ज्याच्या खिशात आहे त्याला! ज्या दिवशी आपली सगळ्यात मोठी अडचण, तो दिवस आपण त्याला पेढा खात खात सांगतो. मग अडला हरी काय करणार? गाढवाचे पाय धरणार. शेठच्या धंद्याची सगळी मेख या एका प्रश्नात होती.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी महिपतराव कोऱ्या धोतरात, हातात पाण्याने भरलेला कलश घेऊन गेटवर आले. मागे विमलाबाई, ऋतुराज-रसिका, गुरुजी, लांज्याचे पाहुणे. वॉचमनने गेट उघडलं नाही. थोड्या वेळाने शेठ बाहेर आला.

"काका, थोडं एक्स्ट्रा राहिलंय. पार्किंग, क्लबहाऊस, देवळाची वर्गणी आणि तुमच्या ओट्याचं."

"पार्किंग? माझ्याकडे सायकल पण नाही! आणि ओट्याचे तर दिलेत मी तुमच्या हातात."

"पावती आहे?"

ऋतुराजने वडिलांचा दंड धरला. "बाबा, देऊन टाकू या ना. सगळेच देतात. मी मित्राकडून आत्ता मागवतो. पाहुणे उभे आहेत हो."

"करारात दाखव. कुठे लिहिलंय दाखव, आत्ता देतो." महिपतरावांनी लेकाचा हात सोडवला. "नाही देणार मी. ओट्याचे तर दोनदा मुळीच नाही."

"मग राहू दे," शेठ घड्याळात बघत म्हणाला. "पंचांगात मुहूर्त काय एकच असतो, काका? पुढचा बघा."

वैशाखाचं ऊन. महिपतराव कलश हातात धरून तसेच उभे राहिले. खाली ठेवायचा तर रस्त्यावर कसा ठेवणार? मुहूर्त टळून गेला तरी ते हलेनात. शेवटी विमलाबाईंनीच त्यांच्या हातातून कलश काढून घेतला. हाताची बोटं इतकी घट्ट वळली होती की एकेक सोडवावी लागली. पाहुणे मोहन्याच्या चाळीत पॅसेजमध्ये जेवले.

ऋतुराजने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. तारखा पडत राहिल्या. महिपतराव दिवसेंदिवस गप्प होत गेले आणि दिवाळीच्या तोंडावर, सकाळी चहा पिता पिता, गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय कमकुवत होतं. विमलाबाईंना विचाराल तर त्या दुसरंच कारण सांगतील, आणि नाव-पत्त्यासकट सांगतील.

दिवस-कार्य आटोपल्यावर ऋतुराज आईजवळ बसला. "आई, विषय संपवू या. भरतो पैसे, घेतो चावी. बाबा असते तर..."

"बाबा असते तर त्यांनी तुझ्या थोबाडीत मारली असती," विमलाबाई म्हणाल्या. "एक दमडी दिलीस तर मला आई म्हणू नकोस. तक्रार चालू राहू दे. पण मला नुसती चावी नकोय रे. तो मेला मला उभा केलेला बघायचाय. माझ्या माणसाला उभं केलं तसा, पाहुण्यांसमोर."

बाई त्यानंतर रडल्या नाहीत. पाटावर चढून स्वयंपाक करायच्या आणि विचार करायच्या. सूड हा शब्द चांगल्या घरात उच्चारू नये म्हणतात. मी म्हणतो, का नाही? ज्याने लुबाडलं त्याने मजेत राहायचं आणि ज्याला लुबाडलं त्याने क्षमेचे धडे गिरवायचे, हा कुठला न्याय?

आणि फाल्गुनात एके संध्याकाळी रसिका कामावरून आली ती चपलाही न काढता सांगायला लागली. "आई, शहाडच्या पुलाजवळ भला मोठा फ्लेक्स लागलाय. शेठ पाडव्याला दुसऱ्या इमारतीचं बुकिंग चालू करतोय. पूजा सॅम्पल फ्लॅटमध्येच आहे. मुहूर्त पण छापलाय!"

विमलाबाई पाटावरून खाली उतरल्या. "मुहूर्त छापलाय?"

"हो, मोठ्या अक्षरांत."

नवरा गेल्यापासून बाई पहिल्यांदा हसल्या, आणि ते हसू बघून रसिका जरा घाबरलीच.

शेठ मुहूर्ताला किती भितो हे साऱ्या कल्याणला ठाऊक होतं. ठाकुर्लीला त्याने एकदा वेळ टळल्यावर नारळ फोडला आणि ती इमारत रखडली ती रखडलीच, असं तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. विमलाबाईंनी पिशवी घेतली आणि शेठने एक्स्ट्रासाठी चाव्या अडवून ठेवलेल्या प्रत्येक कुटुंबाकडे जाऊन आल्या. शेवटी गेल्या राघोबाबांकडे. इमारत उभी होती ती जमीन या म्हाताऱ्याच्या बापजाद्यांची भातशेती. जमिनीच्या बदल्यात कबूल केलेल्या घरांच्या चाव्या शेठने त्यालाही दिल्या नव्हत्या. त्यालाही एक्स्ट्रा लावलं होतं! आणि पाडव्याचा मानाचा नारळ मात्र त्याच्याच हातून फोडायचा होता.

"शेत माजा, नि मनाच पैसं मागतंय," राघोबाबा आपल्या आगरी बोलीत करवादले. "तू ये गो बाय. मी हाय."

पाडव्याच्या सकाळी विमलाबाईंनी जमवलेली सगळी कुटुंबं आली आणि गर्दीत तोंडं न बघताच अक्षदाने त्यांना हसून आत घेतलं. नटूनथटून आलेली कुटुंबं म्हणजे गिऱ्हाईकच की! पिशव्यांत काय आहे हे कोण विचारतं? सॅम्पल फ्लॅटच्या दिवाणखान्यात शेठचा चौरंग मांडून तयार होता. विमलाबाईंच्या गुरुजींनी त्याच्याचसमोर बैठक मारली. ऋतुराज-रसिका पूजेला बसले. बाकीची कुटुंबं भिंतीपासून भिंतीपर्यंत दाटीने बसली. विमलाबाईंनी कलश उचलला तशी मागून एक बाई कुजबुजली, "अहो, तुम्ही कशा धरता? तुम्ही तर..."

"विधवा आहे, माहितीये मला. हा कलश त्यांच्या हातातून मीच काढून घेतला होता. आता मीच धरणार."

समई लागली, मंत्र सुरू झाले. शेठ धावत आला तेव्हा दारात खरी गिऱ्हाइकं जमली होती आणि फोन वर करून शूटिंग घेत होती.

"हे काय चाललंय? उठा! पोलिसांना बोलवू?"

"बोलवा," विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "सांगा त्यांना, पाडव्याच्या दिवशी मांडलेली पूजा उधळायचीय. आमची वास्तुशांती राहिली होती, शेठ. आमच्या घराचं गेट बंद आहे, म्हणून म्हटलं इथंच करू. तुम्ही घरच्या माणसात मोजता ना आम्हाला?"

शेठचे भटजी त्याच्या कानाशी लागले. "मांडलेली पूजा मोडू नका हं, अशुभ होईल. आणि आपली वेळ जवळ येतेय."

शेठच्या कपाळावर घाम आला. तो वाकून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुमची चावी देतो. आत्ता देतो. तेवढं उठा."

"माझ्या एकटीची नको. बसलेत त्या सगळ्यांच्या. आणि हळू नका बोलू. नवीन मंडळींना ऐकू जाऊ द्या."

शेठ राघोबाबांकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्ही नारळ घ्या, आपण बाहेर फोडू."

"नाय," राघोबाबा म्हणाले. "जवर चाव्या देत नायस, तवर नारल फोरनार नाय. नि माज्या पन आन."

दारातलं एक जोडपं मागे फिरलं. त्यांच्यापाठोपाठ दुसरं. शेठने ते पाहिलं, भटजींकडे पाहिलं, आणि अक्षदाला ओरडून चाव्यांची पेटी मागवली. एकेका घराला सहीशिक्क्याच्या ताबापत्रासकट चावी मिळाली. विमलाबाईंनी चावी हातात घेतली तरी बाई हलल्या नाहीत.

"आता म्हणा, करारात नाही ते मी मागणार नाही. मोठ्याने."

शेठने म्हटलं. दारातल्या सगळ्या फोनांत ते गेलं.

"आता तरी उठा हो," शेठचे भटजी हात जोडून म्हणाले. "वेळ अगदी थोडी उरलीय."

"आरती राहिलीय ना," विमलाबाई म्हणाल्या. "आरतीशिवाय पूजेवरून उठतात का कुणी?"

आणि मग त्या चाळीतल्या, वाड्यांतल्या, जन्मभर गणपतीत घसा खरवडलेल्या बायकांनी आरत्या धरल्या. गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची, दत्ताची, विठोबाची, मारुतीची. एक संपली की दुसरी कुणीतरी उचलायचीच. चाव्या मिळाल्या तरी राघोबाबाही नारळाकडे न बघता टाळ्या वाजवत बसून राहिले. रसिकाने मध्येच उठून सॅम्पल फ्लॅटच्या त्या बुटक्या ओट्यावर घरून आणलेली शेगडी पेटवली आणि दूध उतू जाऊ दिलं. ते ओट्यावरून, खोट्या सफरचंदांखालून वाहत जमिनीवर आलं. शेठ कोपऱ्यात उभा होता. बसायला जागाच नव्हती. हातात नारळ, डोळे घड्याळावर. मंत्रपुष्पांजली संपली तेव्हा त्याच्या भटजींनी पंचांग मिटून पिशवीत टाकलं होतं.

विमलाबाई उठल्या. गुडघे दुखत होते. त्या शेठसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हत्या.

"पंचांगात मुहूर्त काय एकच असतो, शेठ? पुढचा बघा."

दुसऱ्या दिवशी, कुणालाही न विचारता, कुठलंही पंचांग न बघता, त्या आपल्या घरात शिरल्या. ओटा अर्थातच चार बोटं उंच होता. महिनाभरात शेठने माणूस पाठवला, फुकटात ओटा खाली घेऊन देतो म्हणून. त्या दिवसाचे व्हिडिओ अजून फिरत होते आणि शेठला ते थांबायला हवे होते. विमलाबाईंनी त्या माणसाला चहा दिला आणि परत पाठवलं.

"आई, घ्या ना करून," रसिका म्हणाली. "बाबांचीच इच्छा होती ती."

"ते असते तर घेतला असता. आता राहू दे उंच. रोज पाटावर चढताना मला तो माणूस आठवला पाहिजे. विसरले तर मीच हरले."

आता दर रविवारी त्या शेठच्या ऑफिससमोर फुटपाथवर उभ्या असतात. आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतात, "पावतीशिवाय रुपया देऊ नका. आणि चावी हातात येईपर्यंत मुहूर्त कुणाला सांगू नका." कुणी ऐकतं, कुणी वेडी म्हातारी समजून पुढे जातं. परवा एका तरुणाने बायकोचा हात धरून हसत म्हटलं, "आजी, कशाला उगाच डोकं लावता? थोडंफार एक्स्ट्रा सगळेच देतात हो."

"सगळे नाही," विमलाबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने नाही दिले."